पुढच्या दाराने येणारा विद्यार्थी

सगळे त्यांना दातवाले म्हणत. दात काढायचं काम त्यांचं नव्हे आणि बसवायचंही नव्हे. ते दवाखान्यातले डॉक्टर करायचे. हे घराच्या मागच्या खोलीत बसून नुसत्या कवळ्या बनवायचे. दवाखान्यातून कोणाच्या तरी तोंडाचा ठसा यायचा. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची, मेणात एकेक दात उभा करायचा आणि शेवटी मेण वितळवून त्या जागी पक्की गुलाबी हिरडी भरायची. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची, तो माणूस दातवाल्यांनी बहुधा पाहिलेलाही नसायचा. त्याचा टाळू मात्र त्यांना पाठ असायचा. रस्त्यात कोणी हसलं की हे आधी दात बघायचे, आणि काम आपलंच आहे असं दिसलं की मान खाली घालून पुढे सटकायचे.

बोलण्याच्या बाबतीत माणूस भलताच कंजूष. दिवसभर उघडी तोंडं समोर मांडून बसायचं आणि स्वतःचं तोंड चहापुरतं उघडायचं, असा त्यांचा संसार. त्यांची बायको म्हणायची, "यांचं माझ्याशी जेवढं बोलणं झालं असेल, त्याहून जास्त त्या प्लास्टरशी झालंय." यावर ते फक्त डाव्या कानाची पाळी ओढायचे. विचारात पडले की कान ओढायचा, ही त्यांची लहानपणापासूनची खोड, आणि हात कायम प्लास्टरने माखलेला. त्यामुळे डावा कान सदा पांढरा. बायको चहाचा कप हातात घेण्याआधी नेमाने म्हणायची, "अहो, कान." आणि अंगठ्याने पाळी पुसून टाकायची.

बायकोला सगळे बाई म्हणत, कारण पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग चाले. इंग्रजी बोलण्याचा वर्ग. पण व्याकरण वगैरे काही नाही, नुसते उच्चार, आणि त्यातही व्यंजनं. मुलाखतीला निघालेले, परदेशी जाणारे, दिवसभर फोनवर गिऱ्हाइकांची समजूत घालणारे असे कोण कोण यायचे. खोलीत एक लांब बाक, बाकासमोर भिंतीवर मोठा आरसा, आणि बाई व बाक यांच्या मधोमध छतापासून दोऱ्याने टांगलेली पातळ कागदाची एक पट्टी. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्यांच्या पाठोपाठ हवेची एक लहानशी फुंकर निघते. आपल्या प, ट, क मध्ये ती नसते; आपले कोरडे असतात. विद्यार्थी पट्टीसमोर तोंड करून 'कप' म्हणायचा. कागद हलला नाही तर तो आपला क. कागद उडाला तर तो ख झाला. "हलू दे, उडू नको देऊ," बाई म्हणायच्या. "व्यंजन ऐकू यावं, मेहनत ऐकू येऊ नये."

दोन खोल्यांच्या मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे कानशीचा आवाज, पलीकडे आठ-दहा जणांचा 'टेन, टाइम, टेबल'. दातवाल्यांना ऐकून ऐकून इंग्रजी बरंच कळायला लागलं होतं. बोलायच्या नावाने शंख. एकच वाक्य ते बोलायचे, दुपारी चहा घेऊन पडदा सारताना: "टी टाइम, टीचर." तिन्ही ट असे कडक, जीभ वळवून टाळूवर आपटलेले, की अख्खा बाक हसायचा. बाई कपाळाला हात लावायच्या. "अहो, भिंतीत खिळे ठोकताय का?" त्यांनी नवऱ्याला सुधारायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण काही विद्यार्थी हाताबाहेरचे असतात, आणि नवरे तर सगळेच.

आता आणखी एका पट्टीची, टाळूला लावायच्या पट्टीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. लग्न नवीन होतं तेव्हा बाई एकदा वैतागून म्हणाल्या होत्या, "मी घसा फोडून सांगते जीभ कुठे टेकवायची, पण तोंडाच्या आत कोणाला दिसणार?" दातवाल्यांनी कान ओढला. थोड्या दिवसांनी चहाच्या बशीत एक वस्तू आली. बाईंच्याच टाळूच्या मापाची, नखाइतकी पातळ, काळी पट्टी. तिच्यावर चेहऱ्याला लावायची पांढरी पावडर भुरभुरायची, पट्टी टाळूला चिकटवायची, एकच व्यंजन म्हणायचं आणि पट्टी काढून बघायची. जीभ जिथे टेकली तिथली पावडर पुसलेली असते. बाईंनी इंग्रजी ट म्हणून पट्टी काढली. दातांच्या मागे, हिरडीच्या उंचवट्यावर, चंद्रकोरीएवढी काळी खूण. मग त्यांनी आपला ट म्हटला. खूण मागे टाळूवर सरकली. त म्हटला, दातांना चिकटली. बाई कितीतरी वेळ त्या खुणांकडे बघत बसल्या. "माझा सगळा धंदा या बोटभर जागेत आहे," त्या म्हणाल्या. दोघांनी मिळून बाईंच्या टाळूच्या प्लास्टरच्या साच्यावर पेन्सिलीने प्रत्येक व्यंजनाची हद्द आखली. तो साचा मागच्या खोलीत फळीवर सगळ्यांच्या वर ठेवलेला असे. इतर साचे काम झालं की फुटायचे. तो तसाच राहिला.

एका सकाळी वर्ग चालू असताना बाई एका शब्दाच्या मध्येच थांबल्या. विद्यार्थ्यांना वाटलं, त्या आपल्याला पुढचं म्हणायला सांगताहेत. त्यांनी पुढचं म्हटलं. मग बाई खुर्चीतून एका अंगावर कलल्या.

इस्पितळातून त्या परत आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा आणि तोंडातून शब्द नव्हता. पायऱ्या चढणं जमेना म्हणून पलंग पुढच्या खोलीतच लावला, आरशाच्या बाजूला. बाईंची थोरली बहीण, ताई, घर सांभाळायला आली. ती सतत बोलायची, दोघांच्या वाटचं. बाई तिच्याकडे बघायच्या, जसं रस्त्यावरून कोणी हाका मारत जात असताना खिडकीतलं माणूस बघतं. आवाज कळतो, आपल्यासाठी नाही हेही कळतं. असे कितीतरी दिवस गेले. आणि मग एका दुपारी बाई स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "खिडकी उघडा, प्लीज."

पहिलं वाक्य आलं म्हणून ताई रडली, वाक्य कळलं नाही म्हणून आणखी रडली. डॉक्टरांनी समजावलं. कधी कधी असं होतं, म्हणाले. जी भाषा आपण नकळत पितो, ती एखाद्या वेळी हरवते. जी एकेक अक्षर घासून कमावलेली असते, ती आधी सापडते. आईची भाषा परत येईल का? येईलही. नक्की सांगता येत नाही. दातवाले ऐकत होते आणि कान ओढत होते.

ताईचं दुःख मोकळं होतं, ती ते दिवसभर बोलून टाकायची. दातवाल्यांचं आत साचत गेलं. ते बाईंना भरवायचे, केस विंचरायचे, उशी नीट करायचे. बाई प्रत्येक वेळी इंग्रजीत हळूच आभार मानायच्या. दवाखान्यातल्या परिचारिकेचे मानावेत तसे. इतक्या वर्षांत या बाईने आपले आभार कधी मानले नव्हते, आणि आता घासागणिक मानत होती. ती आपल्याला ओळखते का? एवढंच त्यांना हवं होतं. ओळख असली की बाकीचं पुढे-मागे बघून घेता आलं असतं. जुने विद्यार्थी भेटायला येत, त्यांच्यातल्या कोणालाही 'विचार रे एवढं' असं सांगता आलं असतं. पण हा प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून विचारायचा प्रश्न नव्हता.

म्हणून त्यांनी आपलं तोंड उघडलं. पलंगाशी उभं राहून त्यांनी इंग्रजीत विचारलं, चहा हवा का. बाईंनी मान किंचित वाकडी केली आणि म्हणाल्या, "सॉरी?" त्यांनी पुन्हा विचारलं, जास्त मोठ्याने. बाईंच्या कपाळावर आठी आली. शब्द सगळे बरोबर होते, पण त्या दुखावलेल्या डोक्यात जायचं दार आता इतकं अरुंद झालं होतं की जाडजूड व्यंजनं उंबऱ्याशीच अडकत होती. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय दगड फोडताय तिच्या उशाशी? झोपू द्या तिला." दातवाले मागच्या खोलीत जाऊन बसले आणि त्यांनी फळीवरचा वरचा साचा खाली काढला.

त्यांच्या हाताला जे येत होतं तेच त्यांनी केलं. आधी बाईंची काळी पट्टी आपल्याच तोंडात बसवून बघितली. ती डुगडुगली, घशाकडे घसरली, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. एकाच्या टाळूची पट्टी दुसऱ्याला बसत नाही, हे जन्मभर हाताला पाठ असलेल्या माणसाला ते स्वतःच्या वेळी आठवलं नाही. मग त्यांनी आपल्याच तोंडाचा ठसा घेतला. ठसा घेताना घाबरू नका, नाकाने श्वास घ्या, असं डॉक्टर लोकांना सांगतात. ते ऐकायला किती सोपं असतं हे त्यांना त्या दिवशी कळलं. आपला टाळू प्लास्टरमध्ये त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. बाईंच्यापेक्षा रुंद, उथळ, मध्ये थोडा वाकडा. दोन साचे शेजारी शेजारी ठेवून ते बराच वेळ बसून राहिले. लग्नाचा फोटोही त्यांनी इतका वेळ कधी पाहिला नव्हता.

मागच्या खोलीत दुपारचं ऊन एका झरोक्यातून यायचं आणि प्लास्टरची धूळ त्यात तरंगत राहायची. फळ्यांवर ओळीने तोंडं. कोणाचं वरचं, कोणाचं खालचं, सगळी गप्प. दातवाले पट्टी लावून हळूच ट म्हणायचे आणि त्यांना वाटायचं, सगळी तोंडं जरा सावरून बसली. पट्टी काढायची, खूण बघायची, बाईंच्या साच्यावरच्या पेन्सिलीच्या रेघेशी ताडून बघायची. खूण मागे. पुन्हा पावडर, पुन्हा ट. खूण पुढे, हा त झाला. ट आणि त यांच्या मधली ती जागा त्यांना दिवस दिवस सापडत नव्हती. सापडली ती साचा पुसत असताना, कशाचाच विचार करत नसताना; जीभ आपोआप तिथे जाऊन टेकली होती. ते दचकलेच. वाटलं, आपल्या तोंडात आपल्या बायकोच्या हाताखाली शिकलेलं कोणीतरी येऊन बसलं आहे.

ओठांची व्यंजनं पट्टीवर उमटत नाहीत. त्यांना आरसा लागतो, आणि आरसा पुढच्या खोलीत होता. सकाळी बाईंना खिडकीशी खुर्चीत बसवलं की दातवाले स्वच्छ शर्ट घालून बाकावर बसायला लागले. खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून व्हॅन. दात अजिबात न लावता, ओठ गोल करून विंडो. आपला व या दोघांच्या मध्ये कुठेतरी आळसावून पडलेला असतो. त्याला उठवून दोन कामांना लावायचं होतं. ते पुटपुटत होते आणि पाठीमागून आवाज आला, "नो."

त्यांनी आरशातच पाहिलं. बाई पुढे झुकल्या होत्या. "ओठ जास्त गोल," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आणि मग सोडून द्या. धरून नका ठेवू." त्यांनी ओठ गोल केले. सोडले. बाईंनी मान हलवली. डोळ्यांत ती जुनी चमक, चूक करणारा माणूस समोर दिसल्याची. दातवाल्यांना इतका आनंद झाला की पुढचे दोन शब्द त्यांचे मुद्दाम न करताच चुकले. बाईंनी दोन्ही दुरुस्त केले.

मग रोजच चालू झालं. बाईंची खुर्ची खिडकीपासून हलून बाकासमोर, कागदाच्या पट्टीपलीकडे आली. बाई शिकवायच्या, थकल्या की डोळे मिटायच्या, उघडले की जिथे थांबल्या होत्या तिथून पुढे. दातांच्या फटीतून जिभेचं टोक बाहेर काढून नुसती हवा सोडायची, थांबवायची नाही: थिंक, थँक. दातवाल्यांना आधी लाज वाटायची. जन्मभर दुसऱ्यांची उघडी तोंडं समोर मांडून बसले, आणि आता स्वतःची जीभ दाखवत बसायचं. र गडगडवायचा नाही, जीभ कुठेच न टेकवता नुसती मुडपायची. झेड म्हणजे आपला ज नव्हे, बाटलीत अडकलेल्या माशीसारखा गुणगुणत राहिला पाहिजे. शेवटचं व्यंजन आलं की तिथेच थांबायचं, त्याच्या शेपटीला अ लावायचा नाही. कागदाची पट्टी त्यांच्या तोंडासमोर हलायची, उडायची, हलायची. ताई दारातून बघायची आणि म्हणायची, "म्हातारपणी शाळेत नाव घातलंय यांनी."

त्यांच्या मनात वाक्य तयार होत होतं. 'मी कोण' असं बायकोला विचारणं त्यांना कसंसंच वाटत होतं, म्हणून त्यांनी ते फिरवून बसवलं: तुम्हाला तुमचा नवरा आठवतो का? इंग्रजीत या वाक्यात तो मुडपलेला र येतो, आणि नवऱ्याला जो शब्द आहे त्याच्या पोटात गुणगुणणारा झेड आणि शेवटी न आणि ड एकमेकांना चिकटून. हा शब्द आपल्यालाच लावतात, पण तो आपल्याला म्हणता येत नाही, ही गंमत त्यांना एकट्यालाच माहीत होती. ते मेणात दात बसवताना म्हणायचे, भांडी पुसताना म्हणायचे. शेवटी एका सकाळी पट्टी न लावता, आरशाकडे न बघता, बाईंच्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं. एकही व्यंजन अडखळलं नाही.

बाईंनी ऐकलं. चेहरा उजळला. "वा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "झेड किती सहज आला. पहिल्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं नव्हतं." मग आवाज जरा खाली आणून, पडद्याकडे डोळ्यांनी खूण करत: "आठवतो म्हणजे काय? तो काय, आत आहे. काम करतोय. वर्ग चालू असला की बाहेर येत नाही, इंग्रजीला घाबरतो."

दातवाल्यांच्या डोक्यात हे शिरायला वेळ लागला. तिला नवरा आठवत होता. घर, पडदा, मागची खोली, सगळं आठवत होतं. फक्त बाकावर बसलेला हा माणूस तो नव्हता. स्वच्छ शर्ट घालून, आरशासमोर बसून, एकेक व्यंजन घासूनपुसून त्यांनी स्वतःला इतकं छान परकं करून ठेवलं होतं की बायकोला ओळखायला जागाच उरली नव्हती. ते उठले आणि नेहमीप्रमाणे पडद्याकडे वळले. "तिकडून नाही," बाई ठामपणे म्हणाल्या. "तो घराचा भाग आहे. विद्यार्थ्यांनी पुढच्या दाराने यायचं-जायचं." दातवाले पुढच्या दाराने बाहेर पडले, बोळातून वळसा घालून मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले आणि स्टुलावर बसून राहिले.

ताईने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" त्यांनी सांगितलं. ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही आहात, पण तुम्ही नाही."

"तसंच काहीसं."

"मग आता तुम्हीच आत जा की. नवरा म्हणून."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. आजारपणाच्या घरात विनोद कसा करायचा म्हणून चहाचं ते एक वाक्य त्यांनी कितीतरी दिवसांत उच्चारलं नव्हतं. दुपारी त्यांनी प्लास्टरचे डाग पडलेला जुना एप्रन चढवला, कप भरला आणि पडदा बाजूला सारला. जिभेला आता सवय लागली होती दातांमागच्या जागेची. तिला ओढून, वळवून, पूर्वीसारखी टाळूवर आपटावी लागली. "टी टाइम, टीचर."

बाईंनी मान वळवली. आधी हात कपाळाला गेला, डावा हात, सवयीच्या हाताची जागा घेत. मग त्या हसल्या. आजारानंतर पहिल्यांदा, ओठाची एक बाजू मागे राहिली तरी अख्ख्या हसल्या. कप घेत त्या इंग्रजीत म्हणाल्या, "एक नवा विद्यार्थी येतो सकाळी. तुमच्यापेक्षा शंभरपट बरा."

दातवाल्यांना हसू आवरेना आणि रडूही. ते पडद्याआड जाऊन दोन्ही करून आले.

तेव्हापासून ते दोन दारांनी येऊ लागले. सकाळी बोळातून वळसा घालून, स्वच्छ शर्टात, पुढचं दार वाजवून विद्यार्थी. दुपारी एप्रन घालून, पडद्यातून, कप घेऊन नवरा. ताई म्हणायची, "एकदाचं सांगून का टाकत नाही? घरातल्या घरात पाहुणे झालात." ते म्हणायचे, "सांगून काय करू? नवऱ्याशी ती हसते. पण बोलते विद्यार्थ्याशी." हे खरं होतं. धडा संपला की बाई त्या सभ्य, कमी बोलणाऱ्या विद्यार्थ्याशी गप्पा मारायच्या, आणि बहुतेक गप्पा नवऱ्याच्या. तो फार चांगला आहे, पण त्याला ते सांगायची सोय नाही, लगेच कान ओढतो. लग्न झाल्यावर पडद्यामागून कानशीचा आवाज यायचा, आधी मला राग यायचा, मग मी त्या तालावर शिकवायला लागले. "कधी तो आवाज थांबला," बाई म्हणाल्या, "की मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. हल्ली थांबलाय तो आवाज."

बाकावरच्या विद्यार्थ्याने मान डोलावली. इतक्या वर्षांत आपल्या भाषेत जे कधी कानावर पडलं नव्हतं, ते दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्या भाषेत त्यांना मिळत होतं. आणि ते समजायला पुरेसं इंग्रजी त्याच पडद्यामागे त्यांच्या कानात शिरलं होतं. बाईंना झोप लागावी म्हणून त्यांनी काम जवळजवळ बंदच ठेवलं होतं. त्याच दुपारी त्यांनी कानस हातात घेतली. पडद्यापलीकडे बाईंचा श्वास संथ झाला, आणि ताई दबक्या पावलांनी येऊन म्हणाली, "झोपली बघा. किती दिवसांनी अशी झोपली." ते थांबले नाहीत. घासायला काही नव्हतं तेव्हा ते जुन्या साच्याची कड घासत बसले.

पुन्हा दवाखान्यातून ठसे यायला लागले. एकदा सकाळीच एक साचा ओतायची घाई होती. कवळी ज्याची होती त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. दातवाल्यांनी साचा ओतला, हात धुतले, शर्ट बदलला आणि बोळातून जवळजवळ पळतच वळसा घेतला. दार वाजवलं. बाकावर बसले. धडा परत त्याच फुंकरीचा होता, जी आपल्या प, ट, क मध्ये नसते: कप, टी, पेन. ते कागदाच्या पट्टीसमोर तोंड नेऊन म्हणत होते आणि पट्टी अगदी हवी तेवढी, पाण्यावरच्या पानाइतकी हलत होती.

शाबासकीसाठी दातवाल्यांनी वर पाहिलं. बाई पट्टीकडे बघत नव्हत्या, त्यांच्या तोंडाकडेही नाही. जरा बाजूला, डावीकडे कुठेतरी बघत होत्या. आठी पडली, गेली. पुन्हा पडली. दातवाल्यांना वाटलं, त्रास होतोय. ते ताईला हाक मारणार होते. तेवढ्यात बाई पुढे झुकल्या, खुर्चीच्या टोकापर्यंत, चेहरा त्या टांगलेल्या कागदाच्या अगदी जवळ आला. डावा हात उचलून त्यांनी दातवाल्यांच्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली. अंगठा फिरला. बोटावर आलेलं पांढरं त्यांनी क्षणभर पाहिलं.

"अहो," बाई म्हणाल्या. आणि मग थांबून, तोंडाच्या आत कुठेतरी मागे, खूप मागे शोधून: "कान."

त्यांच्या दोघांच्या मधोमध, बाईंच्या ओठांपासून बोटभर अंतरावर, कागदाची पट्टी लटकत होती. ती हललीसुद्धा नाही.